काचेत शिरलेला प्रकाश मंद का होतो, आणि बाहेर पडताच पुन्हा वेग कसा घेतो?

प्रश्न असा आहे: निर्वातात प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर असतो, पाण्यात तो सुमारे २,२५,००० आणि साध्या काचेत सुमारे २,००,००० किलोमीटरपर्यंत उतरतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. आणि फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, नेहमी प्रकाशवेगानेच जातो, असेही तीच पुस्तके सांगतात. मग दोन अणूंमधल्या पोकळीत फोटॉन पूर्ण वेगाने धावतो, प्रत्येक अणूपाशी शोषला जातो, थोडा थांबून पुन्हा सोडला जातो आणि या थांब्यांमुळे एकूण उशीर होतो, हे स्पष्टीकरण बरोबर आहे का? आणि काचेतून बाहेर पडताच गेलेला वेग त्याला परत कोण देतो?

थांब्यांचे हे स्पष्टीकरण चूक आहे. मी गेली वीसेक वर्षे अतिजलद लेझरच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांकडून हेच स्पष्टीकरण ऐकतो. ते पसरले याचे मला नवल वाटत नाही, कारण स्थानकोस्थानी थांबणाऱ्या पॅसेंजर गाडीचे चित्र मनात सहज ठसते. परंतु थोडा हिशेब केला की हे चित्र टिकत नाही, आणि तो हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

एक सेंटिमीटर जाडीची काच घ्या. तिचा अपवर्तनांक (जुन्या पुस्तकांतला वक्रीभवनांक), म्हणजे निर्वातातला प्रकाशवेग काचेतल्या वेगाच्या किती पट आहे तो आकडा, १.५ धरला, तर तेवढ्याच निर्वातातून जाणाऱ्या प्रकाशाच्या तुलनेत काचेतल्या प्रकाशाला होणारा एकूण उशीर सुमारे १७ पिकोसेकंद भरतो; पिकोसेकंद म्हणजे एका सेकंदाच्या एक लाख कोटी भागांपैकी एक भाग. या एका सेंटिमीटरच्या सरळ रेषेत साधारण चार कोटी अणू ओळीने बसतात. आता एखादा अणू प्रकाश खरोखर शोषून उत्तेजित अवस्थेत जातो, तेव्हा तो तिथे किती वेळ राहतो, ते पाहू. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांतील सोडियमच्या अणूची उत्तेजित अवस्था सरासरी १६ नॅनोसेकंद टिकते, म्हणजे चार कोटी अणू ओलांडताना होणाऱ्या एकूण उशिराच्या नऊशे पटींहून अधिक काळ. वाटेत असा एक जरी थांबा घेतला, तरी काचेचा अपवर्तनांक शेकड्यांत मोजावा लागला असता.

याशिवाय आणखी दोन अडचणी आहेत. अणू शोषलेला प्रकाश सोडतो तेव्हा तो कोणत्या दिशेला जाईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे थांब्यांचे चित्र खरे असते तर खिडकीच्या काचेपलीकडचे झाड आपल्याला दिसलेच नसते, काच दुधासारखी पांढुरकी भासली असती. दुसरे असे की, शोषणासाठी प्रकाशाची ऊर्जा अणूच्या ऊर्जापातळ्यांतील अंतराशी जुळावी लागते. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा साधारण १.६ ते ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) असते, तर शुद्ध सिलिका काचेतील इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या वरच्या पट्ट्यात उचलण्यासाठी सुमारे ९ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. काच पारदर्शक असण्याचे कारणच हे की, दृश्य प्रकाश ती शोषू शकत नाही. जिथे शोषण घडते तिथे प्रकाश मंद होऊन पलीकडे पोचत नाही. तो नाहीसा होतो आणि काच तापते.

अणूंवर आपटत नागमोडी जाण्याचे दुसरे एक चित्र सांगितले जाते; खिडकीतून झाड स्वच्छ दिसते एवढ्यावरच तेही बाद होते.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. प्रकाश ही विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची आंदोलने आहेत, आणि काचेत तर सर्वत्र इलेक्ट्रॉन आहेत. प्रकाशाचे विद्युत क्षेत्र या इलेक्ट्रॉनांना क्षणात एका बाजूला, क्षणात दुसऱ्या बाजूला ओढते. इलेक्ट्रॉन अणूशी बांधलेला असल्याने तो निसटत नाही, फक्त जागच्या जागी हलतो, आणि हे हलणे कल्पनेपलीकडे सूक्ष्म असते: भर दुपारच्या उन्हाचे विद्युत क्षेत्र मीटरला हजार व्होल्टच्या आसपास असते आणि त्यामुळे काचेतला इलेक्ट्रॉन जेवढा सरकतो ते अंतर प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी भरते. पण हलणारा विद्युतभार स्वतः प्रकाश सोडतो, आणि असे इलेक्ट्रॉन प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये अगणित असतात. त्यामुळे काचेच्या आत कोणत्याही बिंदूवर जे क्षेत्र असते ते केवळ बाहेरून आलेल्या लहरीचे नसते. मूळ लहर आणि सर्व इलेक्ट्रॉनांनी सोडलेल्या लहरी यांची ती बेरीज असते. बेरजेतली प्रत्येक लहर पूर्ण प्रकाशवेगानेच जात असते, अणूंच्या मधल्या पोकळीतही आणि अणूंच्या आरपारही. मंद चालते ती बेरीज.

पूर्ण वेगाने जाणाऱ्या लहरींची बेरीज मंद कशी होते, इथे वाचक अडखळतो, म्हणून थोडे थांबून पाहणे बरे. झोक्यावर बसलेल्या मुलाला त्याच्या नैसर्गिक लयीपेक्षा बऱ्याच संथ लयीत ढकलत राहिले, तर झोका ढकलणाऱ्या हाताबरोबरच पुढे-मागे होतो. त्याच्या मागे पडत नाही. काचेतील इलेक्ट्रॉनांची नैसर्गिक लय अतिनील भागात आहे, दृश्य प्रकाशाची वारंवारता तिच्यापेक्षा बरीच कमी आहे, म्हणून इलेक्ट्रॉन विद्युत क्षेत्राच्या बरोबरीने हलतात. परंतु काचेचा एक पातळ थर मिळून जी लहर पुढे सोडतो, तिचे क्षेत्र इलेक्ट्रॉन कुठे आहेत यावर ठरत नाही, ते किती वेगाने हलत आहेत यावर ठरते. आणि झोक्याचा वेग तो टोकाला असताना शून्य व मध्यातून जाताना सर्वाधिक असतो. या फरकामुळे थरातून निघालेली लहर मूळ लहरीपेक्षा पाव आवर्तनाने मागे पडते. मोठ्या लहरीत तिच्याच वारंवारतेची, पण पाव आवर्तन मागे असलेली एक अगदी छोटी लहर मिळवली, तर बेरजेची उंची जवळजवळ तेवढीच राहते; फक्त तिचे शिखर किंचित उशिरा येते. हे कागदावर दोन ज्या-वक्र (साइन वक्र) काढून कोणालाही पडताळता येईल. पहिल्या थराने शिखर केसभर मागे सरकवले, दुसऱ्या थराने आणखी केसभर, तिसऱ्याने आणखी. काच जितकी जाड तितके हे मागे सरकणे साठत जाते. लहरीची कला, म्हणजे तिच्या आवर्तनातली स्थिती, अंतराच्या प्रमाणात मागे पडत जाते याचाच अर्थ लहर मंद वेगाने चालते. कुठेही थांबा नाही आणि कुठलाही अणू उत्तेजित होऊन बसलेला नाही.

याच बेरजेतून प्रकाश सरळ का जातो तेही उलगडते. प्रत्येक इलेक्ट्रॉन आजूबाजूलाही प्रकाश सोडतो, पण काचेत अणू इतके दाटीने आणि एकसारख्या घनतेने बसलेले असतात की, एकाने बाजूला सोडलेली लहर जवळच्या दुसऱ्याच्या लहरीने पुसली जाते. पुढच्या दिशेला मात्र सर्वांच्या लहरी एकमेकींना जुळतात. मागच्या दिशेलाही थोडे शिल्लक उरते; काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, तो हाच. हवेत रेणू विरळ आणि अस्ताव्यस्त असल्याने बाजूच्या लहरी पूर्ण पुसल्या जात नाहीत, त्यांचा जो उरलेला अंश आपल्याकडे येतो तो आकाशाचा निळा रंग होय.

बाहेर पडल्यावर वेग कोण परत देतो, या प्रश्नाचे उत्तर आता फार सोपे झाले आहे. चेंडू मंद झाला तर त्याला पुन्हा वेग देण्यासाठी ढकलावे लागते. पण येथे कोणतीही वस्तू मंद झालेली नव्हती. काचेच्या दुसऱ्या पृष्ठभागापलीकडे लहर मागे सरकवणारे इलेक्ट्रॉन उरत नाहीत, म्हणून कला आणखी मागे पडत नाही आणि लहर निर्वातातल्या वेगाने जाऊ लागते. काचेत साठलेला उशीर मात्र तिच्याबरोबर कायम राहतो. या सगळ्यात वारंवारता बदलत नाही, कारण इलेक्ट्रॉन ज्या लयीत हलवले जातात त्याच लयीत प्रकाश सोडतात. बदलते ती तरंगलांबी: हवेतला ६५० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश १.५ अपवर्तनांकाच्या काचेत सुमारे ४३३ नॅनोमीटरचा होतो. म्हणून तो काचेच्या आत निळा झाला असे मात्र नव्हे. डोळा वारंवारता ओळखतो, आणि ती तीच असते.

हे ऐकल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात की, मग प्रकाश खरा मंद होतच नाही, तो केवळ भास आहे. तेही मला मान्य नाही. आमच्या प्रयोगशाळेत शंभर फेमटोसेकंदांचे लेझर स्पंद असतात; फेमटोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग. असा एक स्पंद हवेत अवघा ३० मायक्रोमीटर लांबीचा असतो. एका स्पंदाचे दोन भाग करून ते वेगवेगळ्या वाटांनी नमुन्यावर एकाच क्षणी पोचवायचे असतात, आणि तो क्षण सापडला की आम्ही 'टाइम झिरो मिळाला' म्हणतो. एकदा एका विद्यार्थिनीचा टाइम झिरो सकाळी अचानक हरवला. तिने दोन तास आरसे जुळवले, लेझर तपासला, शेवटी मला बोलावले. आदल्या संध्याकाळी कोणीतरी एका वाटेतला दोन मिलिमीटर जाडीचा काचेचा फिल्टर काढून ठेवला होता, एवढेच. त्या काचेमुळे होणारा साडेतीन पिकोसेकंदांचा उशीर नाहीसा झाला होता, आणि सरकत्या मंचावरचा आरसा सुमारे अर्धा मिलिमीटर हलवताच दोन्ही स्पंद पुन्हा भेटले. जो उशीर आरसा सरकवून भरून काढावा लागतो, त्याला भास म्हणता येत नाही. तीच गोष्ट ऑप्टिकल फायबरची: दर किलोमीटरला सुमारे ४.९ मायक्रोसेकंद लागतात, आणि जाळे उभारणारे अभियंते ते हिशेबात धरतातच.

हा वाद एके काळी प्रकाशाच्या स्वरूपाचाच वाद होता. न्यूटनच्या कणसिद्धान्तानुसार पाण्याने कण आत ओढले जात असल्याने प्रकाश पाण्यात अधिक वेगाने जायला हवा होता, तर लहरसिद्धान्तानुसार मंद. १८५० साली पॅरिसमध्ये भौतिकशास्त्रज्ञ फूको याने फिरत्या आरशाच्या साहाय्याने दोन्हींची तुलना केली आणि पाण्यातला प्रकाश हवेतल्यापेक्षा मंद असल्याचे दाखवले. त्याचा सहकारी आणि प्रतिस्पर्धी फिझो याने १८५१ मध्ये त्याहून चमत्कारिक प्रयोग केला. त्याने वाहत्या पाण्यातून, एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध, प्रकाश पाठवला. पाणी प्रकाशाला आपल्याबरोबर ओढून नेते, पण पूर्ण वेगाने नव्हे. पाण्याच्या वेगाचा सुमारे ०.४३ इतकाच भाग प्रकाशाच्या वेगात मिळतो. फ्रेनेलने १८१८ मध्ये ईथरच्या, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या सर्वव्यापी माध्यमाच्या, कल्पनेवरून हा भाग सांगणारे सूत्र मांडले होते. ईथरची कल्पना पुढे सोडून द्यावी लागली, सूत्र मात्र राहिले. १९०७ मध्ये लाउए याने दाखवले की, सापेक्षतेच्या नियमाने वेगांची बेरीज केली की हाच आकडा मिळतो. मला स्वतःला हा प्रयोग फार आवडतो, कारण प्रकाश माध्यमातून केवळ वाट काढत नाही, माध्यमाचे इलेक्ट्रॉन त्याच्या चालण्यात सामील असतात, हे त्यात मोजपट्टीवर दिसते.

आता 'वेग' या शब्दाबद्दल थोडी काळजी घ्यायला हवी. वर मी लहरीच्या शिखरांचा वेग सांगितला. त्याला कलावेग म्हणतात. प्रयोगशाळेतला स्पंद मात्र अनेक वारंवारतांच्या लहरींचा जुडगा असतो आणि तो जुडगा समूहवेगाने चालतो. दोन्ही सारखे नसतात, कारण काचेत निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक मंद चालतो. निळ्याची वारंवारता इलेक्ट्रॉनांच्या अतिनील लयीच्या अधिक जवळ असल्याने झोका अधिक मोठा होतो आणि कला अधिक मागे पडते. चांगल्या भिंगांसाठी वापरल्या जाणाऱ्या बोरोसिलिकेट क्राउन काचेचा अपवर्तनांक ६५६ नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशासाठी १.५१४ आणि ४८६ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशासाठी १.५२२ आहे. एवढ्याशा फरकातून लोलकाचे सप्तरंग निघतात.

वारंवारता इलेक्ट्रॉनांच्या नैसर्गिक लयीच्या पलीकडे गेली की चित्र उलटते. फार झपाट्याने ढकललेला झोका हाताच्या उलट दिशेने हलू लागतो, तसे क्ष-किरणांच्या वारंवारतेला इलेक्ट्रॉन क्षेत्राच्या विरुद्ध हलतात, कला मागे पडण्याऐवजी पुढे सरकते आणि अपवर्तनांक १ पेक्षा किंचित कमी होतो. म्हणजे कलावेग प्रकाशवेगाहून अधिक! यात सापेक्षता मोडत नाही, कारण शिखरांवर कोणताही संदेश स्वार नसतो. १९१४ मध्ये झोमरफेल्ड आणि ब्रिलुआँ यांनी दाखवून दिले की, संकेताचे अगदी पहिले टोक कोणत्याही माध्यमात निर्वातातल्या प्रकाशवेगाला ओलांडत नाही. उलट हा गुण उपयोगी पडतो. क्ष-किरण धातूच्या गुळगुळीत पृष्ठभागाला अगदी तिरपे चाटून गेले तर ते पूर्ण परावर्तित होतात, आणि २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेल्या क्ष-किरण दुर्बिणीतले सोन्याचा मुलामा दिलेले आरसे याच तत्त्वावर चालतात.

दुसऱ्या बाजूला, समूहवेग हवा तेवढा खाली आणता येतो. १९९९ मध्ये लीने हाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशीत सोडियम अणूंच्या ढगात प्रकाशस्पंदाचा वेग सेकंदाला १७ मीटरपर्यंत उतरवला. तासाला साठेक किलोमीटर, म्हणजे मोकळ्या रस्त्यावरच्या आपल्या एसटीचा वेग. तो ढग बोस-आइनस्टाइन संघनित अवस्थेतला होता, म्हणजे त्यातले अणू एकाच क्वांटम अवस्थेत एकवटलेले होते, त्यामुळे सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव या कथेत ओघानेच येते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, तिथेही अपवर्तनांक जवळजवळ १ इतकाच होता. दुसऱ्या एका लेझरने अणूंची अवस्था अशी बांधली होती की शोषण थांबावे आणि वारंवारतेनुसार अपवर्तनांक अत्यंत तीव्रतेने बदलावा; वेग कमी झाला तो या तीव्र बदलामुळे, अपवर्तनांक मोठा होता म्हणून नव्हे.

प्रकाश माध्यमात मंद झाला की पदार्थकणाला त्याच्या पुढे जाण्याची संधी मिळते. पाण्यात इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा ०.२६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर गेली, तर तो तिथल्या प्रकाशापेक्षा वेगाने धावतो. वाटेतल्या रेणूंना तो हलवत जातो, त्यांनी सोडलेल्या लहरी त्याच्या मागे पडतात आणि एका शंकूवर एकमेकींना जुळतात, जशी वेगाने जाणाऱ्या होडीमागे पाण्याची पाचर उठते. चेरेन्कोव्ह यांनी १९३४ मध्ये याचा निळसर प्रकाश नोंदवला, १९३७ मध्ये फ्रांक आणि टाम यांनी त्याचे गणित मांडले आणि १९५८ मध्ये तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे कार्यान्वित झालेली अप्सरा अणुभट्टी पाण्याच्या खुल्या तलावात बसवलेली होती. अशा तलावात दिसणारी निळी आभा ती हीच. लडाखमधील हानले येथे ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर उभी असलेली, २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीणही गॅमा किरणांमुळे वातावरणात उमटणारे चेरेन्कोव्ह प्रकाशाचे काही नॅनोसेकंदांचे लखलखाट टिपते. हवेचा अपवर्तनांक १.०००३ च्या आसपास असल्याने तिथे कणाला निर्वातातील प्रकाशवेगाच्या अगदी लगत पोचावे लागते, आणि वैश्विक किरणांच्या वर्षावात असे कण असतात.

राहिला फोटॉन. प्रकाशवेगानेच जाणारा फोटॉन हा निर्वातातल्या क्षेत्राचा क्वांटम, म्हणजे ऊर्जेचा सर्वात लहान पुंज, आहे. काचेत क्षेत्र आणि इलेक्ट्रॉनांचे हलणे एकमेकांपासून वेगळे करता येत नाही, म्हणून तिथे पुंजवादी हिशेब दोघांच्या संयुक्त आंदोलनाचा करावा लागतो; त्याच्या क्वांटमला पोलॅरिटॉन म्हणतात, आणि हे नाव हॉपफील्ड यांनी १९५८ मध्ये रूढ केले. तो अंशतः फोटॉन आणि अंशतः पदार्थाचे स्पंदन असतो, आणि त्याचा वेग प्रकाशवेगापेक्षा कमी असण्यात कोणताही विरोधाभास नाही. एकेक फोटॉन काचेवर सोडला तरी उशीर तेवढाच मोजला जातो. तो फोटॉन अमुक क्षणी कोणत्या अणूपाशी होता, हे विचारण्यात मात्र अर्थ नाही, कारण त्याला प्रतिसाद देण्यात काचेतल्या सगळ्या अणूंचा एकदमच वाटा असतो. आणि वाटेतल्या एखाद्या अणूने 'तो माझ्याकडे थांबला होता' अशी खूण मागे ठेवली असती, तर पलीकडे पोचलेल्या प्रकाशाने व्यतिकरणाचे, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून उमटणारे उजळ-काळे, पट्टे दाखवले नसते. ते पट्टे जाड काचेतून आलेल्या प्रकाशानेही स्वच्छ उमटतात.